झाकण कोणाचे?

माहीमच्या एखाद्या गल्लीत फुटपाथवरचे झाकण तडकले, तर ते बदलायचे कोणी, याचे उत्तर बहुतेक वेळा त्या झाकणावरच असते. मलवाहिनीचे झाकण बहुधा गोल, जाड आणि एकट्या माणसाला न उचलणारे असते. पावसाचे पाणी आत घेणाऱ्या तोंडावर जाळी असते. पाण्याच्या व्हॉल्व्हवर तळहाताएवढी लहानशी झडप असते आणि चावीवाला रोज ठरल्या वेळी ती उघडतो. बेस्टच्या वीजकेबलचे चेंबर, टेलिफोनचे चौकोनी चेंबर, महानगर गॅसचा व्हॉल्व्ह आणि इंटरनेट कंपन्यांच्या तारांचे नव्याने बसवलेले चेंबर यांची झाकणेही त्याच पट्ट्यात येतात. लेडी जमशेटजी मार्गावर थोडे अंतर खाली मान घालून चालले, तर यांतली बहुतेक सगळी पायाखालून जातात. काहींवर खात्याची किंवा कंपनीची अक्षरे ओतलेली असतात. काहींवरची अक्षरे झिजून गेलेली असतात आणि काही तर पेव्हर ब्लॉकखालीच गाडली गेलेली असतात.

रहिवासी तक्रारीत लिहितो, ‘गटाराचे झाकण तुटले आहे.’ पालिकेच्या लेखी मात्र हे वाक्य अपुरे आहे. घराघरांतले सांडपाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या मलनिःसारण प्रचालन खात्याकडे असतात आणि पावसाचे पाणी नेणाऱ्या वाहिन्या पर्जन्य जलवाहिन्या खात्याकडे. शिवाय फुटपाथ ज्यांचा ते परिरक्षण खाते वेगळे. चुकीच्या खात्याकडे गेलेल्या तक्रारीवर ‘या खात्याशी संबंधित नाही’ असा शेरा पडतो आणि ती बंद होते. झाकण तसेच तुटलेले राहते. तक्रारदाराला वाटते की आपल्याकडे कोणी लक्ष दिले नाही. प्रत्यक्षात लक्ष दिलेले असते आणि तिथेच काम थांबलेले असते.

स्थानिक प्रश्नांचा पाठपुरावा करणाऱ्यांचे निम्मे कसब या पहिल्या पायरीवर खर्च होते. यंत्रणेची अनास्था ही तक्रार खरी आहे, पण तिच्याशी गाठ पडण्याआधी त्या प्रश्नाचा धनी शोधावा लागतो.

हद्दींचे माहीम

माहीम हे महापालिकेच्या जी उत्तर विभागात मोडते. दादरचा पश्चिम भाग आणि धारावी याच विभागात आहेत. उत्तरेला मिठी नदी जिथे समुद्राला मिळते ती माहीमची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला पश्चिम रेल्वेचे रूळ असा हा पट्टा. दर बुधवारी सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाला उसळणारी गर्दी, मखदूम अली माहिमींच्या दर्ग्याचा उरूस, शितळादेवीचे देऊळ, कोळीवाडा, कापड बाजार आणि जुन्या चाळींच्या जागी उभे राहिलेले टॉवर, हे सगळे काही मिनिटे चालण्याच्या अंतरात आहे. त्यामुळे तक्रारीही नाना तऱ्हांच्या.

त्यातली दिव्यांची तक्रार पाहू. मुंबई बेटावर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम आणि सायनपर्यंत, वीज बेस्टची. खाडी ओलांडून वांद्र्यात गेले की वीजकंपनी बदलते. माहीमच्या गल्लीतला खांब बंद पडला, तर त्याची दुरुस्ती बेस्टकडे. मात्र झाडाच्या फांद्यांनी दिवा झाकला गेल्यामुळे अंधार असेल, तर फांद्या छाटण्याचे काम पालिकेच्या उद्यान खात्याचे. झाड सोसायटीच्या आवारात असेल, तर अर्ज सोसायटीने करायचा आणि खर्चही तिनेच सोसायचा. अंधार एकच, पण त्याला तीन वेगवेगळे धनी.

सेनापती बापट मार्ग रुळांना लागून जातो. जुनी माणसे अजून त्याला तुळशी पाइप रोड म्हणतात, कारण तुळशी तलावाची जलवाहिनी याच रस्त्याने आली. इथे रेल्वेच्या भिंतीला टेकून कचरा साठला की भिंतीची अलीकडची बाजू पालिकेची आणि पलीकडची रेल्वेची. नाला रुळांखालून जात असेल, तर रुळांखालचा भाग रेल्वेने साफ करायचा आणि पुढचा-मागचा पालिकेने. यातला एक तुकडा राहून गेला की पहिल्या मोठ्या पावसात पाणी दोन्ही बाजूंना तुंबते. माहीमच्या किनाऱ्यावर पालिकेचे घनकचरा खाते ठेकेदारामार्फत सफाई करून घेते, पण तिथले प्लास्टिक भरतीबरोबर खाडीतून येते आणि मिठीत ते दूरच्या वस्त्यांतून येऊन पडलेले असते. किनाऱ्यालगत राहणाऱ्या काही नागरिकांनी २०१७ पासून दर आठवड्याला स्वतः कचरा उचलायला सुरुवात केली, ती सरळ तक्रारीने हा प्रश्न सुटत नाही हे ओळखूनच.

जुन्या इमारतींची हद्द आणखी वेगळी. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या मुंबई शहरातल्या भाड्याच्या अनेक इमारती उपकरप्राप्त आहेत आणि त्यांची दुरुस्ती म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे येते. चाळीच्या मागच्या मोरीचा पाइप फुटून गल्लीत घाण वाहत असेल, तर पाइप मालकाचा किंवा म्हाडाचा आणि गल्ली पालिकेची. दोन कार्यालयांना दोन पत्रे लिहून दोन्हींच्या प्रती एकमेकांना पाठवल्या, की निदान कोणालाही ‘आम्हाला माहीतच नव्हते’ असे म्हणता येत नाही.

माहीमला अशा टोलवाटोलवीचा फार जुना अनुभव आहे. एकोणिसाव्या शतकात माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये तरीने जावे लागे आणि पावसाळ्यात बोटी उलटून माणसे बुडत. तिथे रस्ता बांधावा ही मागणी सरकारने खर्चाचे कारण सांगून मानली नाही. अखेर सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई, म्हणजेच लेडी जमशेटजी, यांनी १,५७,००० रुपये दिले. वापरणाऱ्यांकडून पथकर घ्यायचा नाही, ही त्यांची अट होती. १८४३ मध्ये काम सुरू झाले आणि १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला. माहीमचा मुख्य रस्ता आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने चित्र बदलले. त्याच्या ६१ व्या कलमात गटारे, रस्त्यांची स्वच्छता, दिवे, पाणी ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये म्हणून नोंदली आहेत आणि ६३ व्या कलमात ऐच्छिक कामे आहेत. गल्लीतल्या बहुतेक तक्रारी ६१ व्या कलमाखाली येतात. झाकण, दिवा, गटार यांसाठी लिहिलेला अर्ज ही विनवणी नसते. ज्याचा कर भरला आहे आणि जे कायद्यानेच द्यायचे आहे, त्याची ती मागणी असते.

येवले मार्गावरचे कार्यालय

जी उत्तर विभागाचे कार्यालय दादरला, प्लाझा सिनेमाच्या मागे हरिश्चंद्र येवले मार्गावर आहे. विभागाचा प्रमुख सहायक आयुक्त. लोकांच्या तोंडी तो अजून ‘वॉर्ड ऑफिसर’च आहे. त्याच्या हाताखाली परिरक्षण, पाणी, घनकचरा, इमारत व कारखाने, अनुज्ञापन, आरोग्य, कीटकनाशक, उद्यान अशी खाती असतात. प्रत्येक अभियांत्रिकी खात्यात दुय्यम अभियंता, त्याच्यावर सहायक अभियंता, त्याच्यावर कार्यकारी अभियंता. सहायक आयुक्ताच्या वर परिमंडळाचा उपायुक्त. पायऱ्या ठाऊक असल्या की पत्र कोणाच्या नावे लिहायचे आणि कोणाला प्रत द्यायची ते कळते.

तक्रार आत जाण्याच्या वाटा अनेक आहेत. १९१६ हा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास चालतो. पालिकेचे संकेतस्थळ आणि अॅप आहे. रस्त्यांसाठी वेगळी सोय आहे. तरीही मुरलेला तक्रारदार कागद सोडत नाही. पत्राच्या दोन प्रती काढायच्या, एक आवक विभागात द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. या पोचपावतीला पुढे प्रत्येक टप्प्यावर किंमत असते. पत्र टपालातून साहेबांच्या टेबलावर जाते, साहेब कोपऱ्यात खात्याचे नाव लिहितात, खात्याचा प्रमुख ते बीटच्या दुय्यम अभियंत्याकडे उतरवतो. प्रत्यक्ष जागेवर जाणारा माणूस तो. दुपारच्या वेळी कार्यालयात ‘साहेब साइटवर गेलेत’ हे उत्तर मिळते आणि बऱ्याचदा ते खरेही असते. एकाच अभियंत्याला पडकी भिंत, तुंबलेली मोरी, न्यायालयातली तारीख आणि मंत्र्यांचा दौरा एकाच दिवशी सांभाळावा लागतो.

म्हणूनच तक्रार कशी लिहिली आहे, यावर तिचे नशीब बरेच अवलंबून राहते. ‘आमच्या परिसरात घाण, खड्डे, डास आणि फेरीवाले यांनी उच्छाद मांडला आहे’ अशा पत्राची चार खात्यांत फाटाफूट होते आणि कोणीच ते पूर्ण वाचत नाही. ‘अमुक गल्लीत, अमुक इमारतीच्या फाटकासमोर, या क्रमांकाच्या दिव्याच्या खांबाजवळ मलवाहिनीचे झाकण तडकले असून शाळेची मुले तिथून जातात’ असे एकाच विषयाचे पत्र, तारखेसह छायाचित्र आणि खाली दहा-वीस रहिवाशांच्या सह्या, एवढे असले की अभियंत्याला जागा शोधत फिरावे लागत नाही. खांबाचा क्रमांक हा इथला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी पत्ता आहे.

ऑनलाइन तक्रारीचा सगळ्यांत बोचणारा भाग म्हणजे ती बंद होण्याची पद्धत. मोबाइलवर संदेश येतो की तक्रारीचे निराकरण झाले, पण खिडकीतून पाहावे तर खड्डा जागच्या जागी. कधी तक्रार दुसऱ्या खात्याची निघाली म्हणून बंद झालेली असते, कधी ‘कामाचा आदेश दिला’ म्हणजेच निराकरण मानलेले असते, कधी निव्वळ आकडा सुधारण्यासाठी. या तिसऱ्या प्रकाराला कसलीही सबब चालू नये. तक्रार बंद करण्याचा अधिकार ज्याने काम करायचे त्याच्याच हातात असेपर्यंत हे होत राहणार. तक्रारदाराने ‘काम झाले’ असे कळवल्याशिवाय तक्रार बंद होऊ नये, ही नागरिकांची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे.

खड्डा कसा जन्मतो

माहीमसारख्या जुन्या भागात रस्त्यावरचे बरेच खड्डे चरांमधून उगवतात. वीज, गॅस, टेलिफोन, इंटरनेट, पाणी यांपैकी कोणालाही वाहिनी टाकायची असेल तर पालिकेची परवानगी घेऊन आणि रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क भरून चर खणता येतो. वाहिनी पडली की चर भरला जातो. भराव थराथराने दाबून बसवायला हवा. घाईत माती आणि राडारोडा ढकलून वरून डांबर फासले, की पहिल्याच पावसात पाणी कडेच्या फटीतून आत शिरते, खालची माती वाहून जाते आणि चाकांच्या भाराने वरचा थर खचतो. नीट पाहिले तर असा खड्डा लांबट असतो, जुन्या चराच्या रेषेतच पडलेला. तक्रारीत ‘अमुक महिन्यात अमुक कामासाठी खणलेला चर खचला’ असे लिहिले तर उत्तरदायित्व ठेकेदारापर्यंत जाऊ शकते. नुसते ‘खड्डा’ लिहिले तर पालिका स्वतःच्या खर्चाने तो बुजवते आणि ठेकेदार सुटतो.

भर पावसात डांबर टिकत नाही, कारण गरम मिश्रणाला कोरडी जमीन लागते. म्हणून पालिकेने कोल्डमिक्स आणले, वरळीच्या आपल्या प्रकल्पात ते बनवलेही, मग रिअॅक्टिव्ह अस्फाल्ट, मास्टिक, लवकर घट्ट होणारे काँक्रीट असे प्रयोग झाले. कोल्डमिक्स साचलेल्या पाण्यात ओतले की दोन दिवसांत खडी सुटून रस्त्यावर पसरते आणि दुचाकी त्यावरच घसरतात. खड्डा चौकोनी कापून, कोरडा करून, मग भरायचा ही पद्धत नियमावलीत आहे. रात्री अकरा वाजता ट्रक थांबवून फावड्याने टाकलेल्या भरावात ती क्वचितच दिसते. जो रहिवासी त्या वेळी खाली उतरून उभा राहतो, त्याच्या गल्लीत फरक पडतो. यावर कोणाचा विश्वास बसत नसेल, तर एका पावसाळ्यात दोन शेजारच्या गल्ल्या ताडून पाहाव्यात.

नोव्हेंबर २०१९ मध्ये पालिकेने खड्डा दाखवणाऱ्याला बक्षीस देऊ केले होते. निदान एक फूट लांब आणि तीन इंच खोल खड्डा अॅपवर नोंदवायचा आणि तो चोवीस तासांत बुजला नाही तर ५०० रुपये मिळवायचे. बुजवणे किती टिकले, हे मात्र त्या योजनेने मोजले नाही. गणेशोत्सवाच्या मंडपांनी रस्त्यात केलेल्या खड्ड्यांसाठी मंडळांना आकारायचा दंड २०२५ मध्ये प्रत्येक खड्ड्यामागे २ हजारांवरून १५ हजार रुपये करण्यात आला आणि ओरड झाल्यावर पुन्हा खाली आणला गेला.

हा विषय न्यायालयातही गेला तो एका पत्रामुळे. २०१३ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुंबईच्या रस्त्यांच्या अवस्थेबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि उच्च न्यायालयाने त्याचीच जनहित याचिका करून घेतली. चांगले रस्ते मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच प्रकरणात न्यायालयाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या आधीचे अपघात लोक विसरलेले नाहीत. जुलै २०१५ मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर खड्ड्यामुळे मुलगा गमावलेले दादाराव बिल्होरे त्यानंतर वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने शहरातले खड्डे बुजवत राहिले.

२९ ऑगस्ट २०१७ ची घटना माहीमकरांच्या जास्त जवळची आहे. बॉम्बे हॉस्पिटलचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर त्या दिवशीच्या पुरात गाडी सोडून घरी चालत निघाले आणि एल्फिन्स्टन रोड परिसरात पाण्याखाली उघड्या असलेल्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्याजवळ त्यांचा मृतदेह सापडला. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून झाकण काढल्याच्या आरोपावरून स्थानिक तरुणांना अटक झाली होती. तेव्हापासून पालिकेने मॅनहोलच्या तोंडाशी, झाकणाखाली, संरक्षक जाळ्या बसवायला घेतल्या. झाकण चोरीला गेले तरी माणूस आत पडू नये हा त्यांचा उद्देश. आपल्या गल्लीतल्या कोणत्या मॅनहोलला जाळी आहे आणि कोणत्याला नाही, याची यादी पावसाळ्यापूर्वी विभाग कार्यालयात देणे हे कोणत्याही सोसायटीला जमण्यासारखे काम आहे. गल्लीतल्या इतर कुठल्याही कामाहून ते तातडीचे आहे.

नळाला येणारा वास

गढूळ किंवा वास येणाऱ्या पाण्याची तक्रार सर्वांत लवकर घबराट पसरवते आणि शोधायला सर्वांत अवघड असते. मुंबईचे पाणी ठरावीक वेळेपुरते सुटते. पाणी सुरू असताना नळीत दाब असतो, त्यामुळे फट असली तर पाणी बाहेर जाते. पाणी बंद झाले की दाब उतरतो आणि त्याच फटीतून आजूबाजूचे सांडपाणी आत शिरते. म्हणून वास बहुधा पहिल्या पाच-दहा मिनिटांच्या पाण्याला येतो आणि नंतर पाणी स्वच्छ दिसते. नमुना घ्यायला कर्मचारी येईतो पुरावा वाहून गेलेला असतो. अनुभवी गृहिणी पाणी सुटताच पहिली बाटली भरून तिच्यावर वेळ लिहून ठेवतात. त्या बाटलीला प्रयोगशाळेत अधिकृत नमुना मानत नाहीत, पण अभियंत्याला वेळ ठरवून बोलावण्यासाठी ती पुरेशी ठरते.

मग गळती शोधायची. एका इमारतीतच वास येत असेल तर दोष तिच्या जोडणीत, संपूर्ण गल्लीत येत असेल तर मुख्य वाहिनीत. चाळींच्या लोखंडी नळ्या अनेकदा गटारातूनच गेलेल्या असतात आणि गंजलेल्या असतात. त्या बदलण्याचा खर्च मुख्य वाहिनीपासून पुढे रहिवाशांचा, परवानाधारक प्लंबरमार्फत. मुख्य वाहिनीची गळती रात्री, रहदारी थांबल्यावर, रस्त्याला दांडी लावून आवाज ऐकत शोधतात आणि संशयाच्या जागी खड्डा खणून पाहतात. पहिला खड्डा बरोबर जागी पडेलच असे नसते. ही सगळी खटपट पाहिलेला रहिवासी पाणीखात्यावर रागावतो कमी आणि त्याच्या मागे लागतो जास्त. तेच परिणामकारक ठरते.

शिवाजी पार्कची धूळ

आज दादरचे म्हणून ओळखले जाणारे शिवाजी पार्क आधी माहीम पार्क होते. १९२५ मध्ये पालिकेने ते लोकांसाठी खुले केले आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. जवळपास २८ एकरांचे हे मैदान, भोवती कट्टा, कट्ट्यापलीकडे तीन-चार मजली जुन्या इमारती. इथल्या रहिवाशांचा पालिकेशी चाललेला झगडा माहीम-दादर पट्ट्यातला सर्वांत लांबलेला आहे, आणि त्याचा विषय आहे धूळ.

मैदान समतल करण्यासाठी लाल माती टाकली गेली. पाऊस थांबला की ती वाळते, खेळाडूंच्या पायांनी आणि सभा-मेळाव्यांच्या वाहनांनी भुकटी होते आणि दुपारच्या समुद्रवाऱ्याबरोबर घरांत शिरते. खिडक्यांच्या चौकटी, ग्रिल, वाळत घातलेले कपडे, पुस्तकांच्या कडा यांवर लालसर थर बसतो. दमेकऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना त्याचा सर्वाधिक जाच. नोव्हेंबरपासून पावसाळ्यापर्यंत दर वर्षी हेच.

उपाय सोपा वाटतो, गवत लावा. पालिकेने ते केले. पर्जन्य जलसंधारणासाठी मैदानात तीसहून अधिक रिंगवेल खणल्या, तुषार सिंचन बसवले, हिरवळ लावली. पण हिरवळ रुजायला मैदान काही महिने मोकळे सोडावे लागते. शिवाजी पार्कला ते शक्य नसते. इथे क्रिकेटची नेट, शाळांची मैदानी सत्रे, सकाळ-संध्याकाळ चालणारे लोक, दसरा मेळावा, निवडणुकीच्या सभा आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांचा मुक्काम असतो. या प्रत्येकाचा मैदानावर खरा हक्क आहे. ६ डिसेंबरला खेड्यापाड्यांतून येणाऱ्या माणसाला धुळीच्या नावाखाली कोणी परके ठरवू लागला, तर ते चुकीचेच. रहिवाशांची बाजू तेव्हाच बळकट राहते, जेव्हा ती मैदान बंद करण्याऐवजी माती बदलण्यावर ठाम असते. पाण्याचे फवारे मारले की धूळ काही तास बसते. आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला. २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने वरच्या थरातली माती काढण्याचे पालिकेला बजावले. तोवर ही मागणी पालिकेकडून मंडळाकडे, मंडळाकडून पुन्हा पालिकेकडे अशी वर्षानुवर्षे फिरली होती. माती काढून मैदान खोलगट झाले तर पावसात पाणी साचेल ही दुसरी बाजूही होतीच.

याच मैदानाने आवाजाचा प्रश्नही न्यायालयात नेला. वेकॉम ट्रस्ट या रहिवाशांच्या संस्थेच्या याचिकेवर मे २०१० मध्ये उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्रात येते असे ठरवले. शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्यापासून १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानावा असे २००० चे ध्वनिप्रदूषण नियम तेव्हा सांगत. पुढे राज्य शासनाने वर्षातल्या ठरावीक दिवसांसाठी मोकळीक दिली. तरी एका सोसायटीच्या बैठकीतून सुरू झालेली कुरबूर नियमाचा आधार सापडताच कुठवर जाते, याचा हा पक्का दाखला आहे.

एकटा आणि मंडळी

एकट्याची तक्रार ‘त्या अमक्यांची नेहमीची किरकिर’ होते. चार इमारतींची झाली की तिला वजन येते. हे ओळखून १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये रहिवासी आणि पालिका यांनी मिळून एक रचना उभी केली. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करायचा, खत गल्लीतच करायचे आणि बदल्यात पालिकेच्या अधिकाऱ्याने रहिवाशांना ठरावीक दिवशी भेटायचे. यातूनच एएलएम, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन, शहरभर पसरले. १९९९ मध्ये अग्नी ही संस्था उभी राहिली आणि प्रभागवार नागरिक गट तयार झाले. त्याच सुमारास प्रजा फाउंडेशनच्या पुढाकाराने पालिकेची नागरिकांची सनद निघाली, २००३ च्या आसपास ऑनलाइन तक्रार नोंदणीही आली. कोणत्या कामाला किती दिवस लागावेत हे पहिल्यांदा छापील स्वरूपात लोकांच्या हाती आले.

या गटांचे बळ आणि त्यांची मर्यादा एकाच गोष्टीत आहे. ते चालवतात निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षिका, सोसायटीच्या सचिव बाई, ज्यांच्याकडे सकाळी अकरा वाजता येवले मार्गावर जायला वेळ आहे असे लोक. कोळीवाड्यात पहाटे बंदरावर जाणारी बाई किंवा माहीम स्थानकाच्या पूर्वेला धारावीत बारा तास शिलाई मशीनवर बसणारा कारागीर त्या वेळी कार्यालयात उभा राहू शकत नाही. त्यांच्याकडे गटार अधिक तुंबते आणि तक्रार कमी नोंदली जाते. मग आकडे सांगतात की प्रश्न पार्काजवळ जास्त आहेत. तक्रारींच्या संख्येवरून कामाचा क्रम ठरवणारी कोणतीही पद्धत या अन्यायाला खतपाणी घालते. जी उत्तरसारख्या विभागात, जिथे शिवाजी पार्क आणि धारावी एकाच सहायक आयुक्ताच्या हाताखाली आहेत, तिथे हे डोळ्यांना दिसते. नागरिक गटांनी आठवड्यातून एकदा शेजारच्या वस्तीच्या तक्रारीही लिहून घेतल्या तर ही दरी थोडी तरी कमी होईल. काही ठिकाणी मोहल्ला समित्या आणि बचत गट हे करतातही.

नगरसेवक नसलेली वर्षे

७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षे २२७ पैकी एकाही प्रभागात नगरसेवक नव्हता. त्याआधी गल्लीतला माणूस पत्र लिहिण्यापेक्षा नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन ‘भाऊ, जरा बघा ना’ एवढेच म्हणे. नगरसेवक फोन करी आणि मुकादम हजर होई. ही वाट बंद झाल्यावर लोकांना तक्रार क्रमांक, आवक क्रमांक, माहिती अधिकार हे सारे शिकावे लागले. शिक्षण झाले, पण त्याची किंमत मोठी होती. प्रभाग समित्या भरल्या नाहीत आणि विभागाच्या खर्चावर लोकांच्या वतीने प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही.

प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांच्या तीनपर्यंत प्रतिनिधींना नेमण्याची तरतूद कायद्यात आहे, मतदानाचा अधिकार नसला तरी. ती फारच कमी वेळा वापरली गेली. आता नगरसेवक आले आहेत. ही नेमणूक मागणे हे माहीमच्या नागरिक गटांचे या वर्षातले पहिले काम असायला हवे.

पुढचे दरवाजे

विभागात दाद लागली नाही तर पुढे काय, हे थोडक्यात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. ‘काम का झाले नाही’ असे विचारू नये, कारण कारण सांगायला अधिकारी बांधील नसतो. ‘अमुक तारखेच्या आवक क्रमांकाच्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात’ असे मागावे. याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा अधिकारही आहे. काँक्रिटीकरणाचे काम चालू असताना तो फारच थोडे लोक वापरतात.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्यासाठी पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात अर्ज द्यावा लागतो. त्याच्याही पुढे लोकायुक्त. १९७१ च्या कायद्याने ही संस्था उभी करणारे महाराष्ट्र पहिले राज्य आणि तिथे जायला वकील लागत नाही. शिक्का मारलेल्या पत्रांचा जाड गठ्ठा घेऊन गेलेल्या सामान्य माणसाचेही तिथे ऐकले जाते. उच्च न्यायालय हा शेवटचा आणि खर्चिक मार्ग.

या प्रत्येक दरवाजावर पहिली विचारणा एकच होते, आधी कोणाकडे आणि केव्हा तक्रार केली. म्हणून गल्लीतल्या तुटक्या झाकणाचे पत्र आजच लिहा, त्यावर खांबाचा क्रमांक घाला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय येवले मार्गावरून परतू नका.